पिल्लू पाहून विरघळते, मग बाळ पाहून का नाही?

ताई, नमस्कार.

मी तीस वर्षांची आहे. पाच आठवड्यांपूर्वी मला मुलगा झाला. खूप वाट पाहून झालेला, हवाहवासा. लहानपणापासून कुठल्याही प्राण्याचं पिल्लू दिसलं की मला राहवत नाही. मांजराचं असो, कुत्र्याचं असो, वासरू असो. दातओठ खाऊन आवळावंसं वाटतं. घरचे म्हणायचे, "हिला स्वतःचं मूल झालं की ही त्याला खाली ठेवायची नाही." आता मूल झालंय आणि मला तसं काहीच होत नाही. मी त्याचं सगळं करते. रडला की धावते. पण त्याच्याकडे पाहून आतून विरघळायला होत नाही. चेहरा लालसर, सुजल्यासारखा, डोळे बहुतेक वेळ मिटलेले. खरं सांगते, तो मला गोंडस वाटत नाही, आणि हे लिहितानाही हात कापतो. परवा रात्री त्याला पाजताना फोनवर मांजराच्या पिल्लांचा व्हिडिओ पाहिला आणि डोळे भरून आले. मग मांडीवरच्या पोटच्या पोराकडे पाहिलं, तर आत सगळं शांत. मी आई म्हणून कमी आहे का? प्राण्यांची पिल्लं माणसाला इतकी गोड का वाटतात, की त्यांच्यापुढे स्वतःचं बाळही फिकं पडावं? नवरा म्हणतो, ते व्हिडिओ बघणं बंद कर, सगळं जागेवर येईल. करू का?

– एक आई

प्रिय मैत्रिणी,

नाही. तू आई म्हणून कुठेही कमी नाहीस. हे आधीच सांगून टाकते, कारण पाच आठवड्यांच्या बाळंतिणीला उत्तरासाठी पत्राच्या शेवटापर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही. तुझ्या पत्रात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळे तुला इतका त्रास होतोय. पिल्लं गोड का वाटतात, हा एक. आणि गोड वाटणं म्हणजेच माया का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की दुसरा निम्मा सुटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९४३ साली कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने लहानपणाच्या खुणांची एक यादी मांडली. अंगाच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं फुगीर कपाळ, चेहऱ्यावर जरा खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, इवलंसं नाक-तोंड, आखूड जाडसर हातपाय, मऊ गोलसर अंग आणि धडपडत चालणं. या खुणा एकत्र दिसल्या की मोठ्या माणसाच्या मनात सांभाळण्याची ओढ आपोआप जागी होते, ती शिकवावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सोबतच्या चित्रांत त्यांनी माणसाच्या बाळाशेजारी लांब पायांचा उंदरासारखा जर्बोआ, पेकिनीज कुत्रा आणि रॉबिन पक्षी यांची डोकी काढली होती. चार अगदी वेगळे जीव, पण डोक्याची घडण सारखी.

या खुणा पिल्लांच्या अंगी कुठून येतात? आपल्याला भुरळ घालण्यासाठी त्या आलेल्या नाहीत, वाढीच्या क्रमातून आल्या आहेत. पाठीचा कणा असलेल्या बहुतेक प्राण्यांमध्ये मेंदू आणि डोळे आधी वाढतात, जबडा, नाक आणि हातापायांची हाडं मागून येतात. तुझ्या बाळाच्या डोळ्याचा गोल जन्माच्या वेळी साधारण १६-१७ मिलिमीटरचा होता, तुझा २४ च्या आसपास आहे. म्हणजे बाकी अंग एवढंसं असताना डोळा मात्र मोठ्या माणसाच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचलेला. चावायचं काम अजून नाही, म्हणून जबडा लहान. मांजराच्या पिल्लाचं, हरणाच्या पाडसाचं, हत्तीच्या पिल्लाचं गणित थोड्याफार फरकाने हेच आहे. म्हणून ती सगळी एकमेकांसारखी दिसतात, आणि सगळी मिळून आपल्या बाळांसारखी दिसतात.

आता गंमत अशी की आपल्या मनाची ही यंत्रणा माणसाच्या बाळासाठी घडली असली तरी ती फार काटेकोर नाही. तसं असण्यात शहाणपणही आहे. हजारो पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या माणसाला कोल्ह्याचं पिल्लू पाहून उगीच पाझर फुटला, तर त्याचं फारसं बिघडत नव्हतं. पण मदतीची गरज असलेलं माणसाचं मूल पाहून पाझर फुटला नाही, तर ते मूल गेलं. एक चूक स्वस्त, दुसरी जीवघेणी. अशा वेळी मन स्वस्त चूक करायलाच शिकतं. त्यामुळे मोठं डोकं आणि मोठे डोळे जिथे कुठे दिसतील तिथे आपण विरघळतो. पांडाचंच बघ. पूर्ण वाढलेला पांडाही लोकांना बाळासारखा वाटतो, कारण बांबू चघळण्यासाठी लागणाऱ्या भक्कम स्नायूंमुळे त्याचा चेहरा गोल झालाय आणि डोळ्यांभोवतीच्या काळ्या डागांमुळे मुळात बारीक असलेले डोळे मोठे भासतात. पांडा काही कुणाला बोलावत नसतो. आपणच हाक ऐकतो.

आणि हे सगळं फार झपाट्याने घडतं. ऑक्सफर्डमधल्या मॉर्टन क्रिंगेलबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की अनोळखी बाळाचा चेहरा दिसल्यापासून सेकंदाच्या साधारण सातव्या भागात मेंदूतला, सुखाची किंमत जोखणारा एक भाग जागा होतो. अनोळखी मोठ्या माणसाचा चेहरा पाहून तसं होत नाही. २००९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात बाळांच्या फोटोंमध्ये फेरफार करून गाल-कपाळ जास्त गोलसर केले, तेव्हा मूल नसलेल्या स्त्रियांच्या मेंदूतही हवंहवंसं वाटण्याशी जोडलेला भाग अधिक उजळला. सेकंदाचा सातवा भाग म्हणजे विचाराला जागाच नाही. मांजराच्या पिल्लाला पाहून तुझे डोळे भरले त्यात तुझी निवड नव्हती आणि बाळाकडे पाहून ते भरले नाहीत त्यातही नव्हती. ज्या गोष्टीत निवडच नाही तिचा दोष कुणाला द्यायचा?

पुरुषांचं वेगळं असतं असं लोक म्हणतात, तेही पुरतं खरं नाही. २०११ च्या एका प्रयोगात बाळांचे फोटो 'किती गोड' हे विचारल्यावर स्त्रियांनी जास्त गुण दिले. पण तो फोटो पडद्यावर अजून थोडा वेळ राहावा म्हणून बटणं दाबायची संधी दिली, तेव्हा पुरुषांनी तेवढीच दाबली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांनाही अशा गोलसर चेहऱ्यांचीच ओढ असल्याचं २०१४ मध्ये दिसलं, मग तो चेहरा माणसाच्या बाळाचा असो, कुत्र्याचा असो वा मांजराचा.

ही ओढ माणसापुरती नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत जवळचं वाटतं. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे या संशोधकांनी कॅनडाच्या माळरानावर ध्वनिवर्धक लपवून निरनिराळ्या प्राण्यांच्या पिल्लांचे कळवळून ओरडण्याचे आवाज लावले. सीलचं पिल्लू, मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचं, मांजराचं, माणसाचं बाळ. हरिणीच्या स्वतःच्या पाडसाच्या आवाजाची जी पट्टी, तिच्याजवळ तो आवाज असेल तर हरिणी धावत त्या दिशेने यायची. आयुष्यात कधी न पाहिलेल्या प्राण्याच्या पिल्लासाठी! हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. गीरच्या जंगलात २०१८ च्या अखेरीस एक सिंहीण आपल्या दोन छाव्यांसोबत बिबट्याचं पिल्लू पाजताना, वाढवताना दिसली. एरवी सिंह आणि बिबटे एकमेकांचे वैरी. तिने ते दीडएक महिना सांभाळलं, पुढे जन्मजात दोषामुळे ते दगावलं. तेव्हा परक्या पिल्लासाठी पान्हा फुटणं ही काही तुझी विकृती नाही. दूध पाजणाऱ्या जीवांच्या जातीचीच ही रीत आहे.

'दातओठ खाऊन आवळावंसं वाटतं' हे तू ओझरतं लिहिलंस, पण मला वाटतं तेही तुला आत कुठेतरी टोचतंय. त्याची काळजी करू नकोस. येल विद्यापीठात ओरियाना ॲरागॉन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावरच काम केलं. अतोनात गोड काही पाहिलं की भावनेचा लोट आवरत नाही आणि मन उलट्या बाजूचा आविर्भाव करून स्वतःला सावरतं, असं त्यांना दिसलं. ज्यांनी असे दात-ओठ खाल्ले, ते लवकर भानावर आले. आनंदात रडू येतं त्याच घराण्यातलं हे. यात इजा करायची इच्छा नसते, आणि ज्या माणसाचं काळीज असं भरून येतं तो कठोर असण्याची शक्यता फारच कमी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. इथे जरा निवांत बस, बाळ झोपला असेल तर पाय वर घेऊन बस.

तू बरोबरी कुणाची कुणाशी केलीस, ते पाहू. व्हिडिओतली मांजराची पिल्लं किती दिवसांची असतात? जवळपास नेहमी चार ते आठ आठवड्यांची. जन्मलेलं पिल्लू डोळे मिटलेलं, कान दुमडलेले, सरपटणारं असतं. डोळे उघडायलाच आठवडा ते दोन आठवडे लागतात. त्या दिवसांचे व्हिडिओ कुणी आवडीने पाहत नाही. पांडाचं नवजात पिल्लू तर साधारण १०० ग्रॅमचं असतं, गुलाबी, जवळजवळ केसही नसलेलं, आईच्या वजनाच्या नऊशेव्या भागाएवढं. लोक ज्या पांडाच्या पिल्लांवर जीव टाकतात ती काही महिन्यांची झालेली असतात. कुत्र्यांचं तर मोजून पाहिलंय. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या क्लाइव्ह विन यांच्या गटाने तीन जातींच्या पिल्लांचे वेगवेगळ्या वयांतले फोटो लोकांना दाखवले. अगदी जन्मानंतरच्या पिल्लांना लोकांनी कमी पसंती दिली, सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त. त्याच सुमारास कुत्री पिल्लांना अंगावरून तोडते. आईची माया आटू लागते तेव्हाच पिल्लू इतरांना सर्वांत लोभस दिसतं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जवळचं माणूस मागे सरकत असताना लांबच्याला जवळ ओढून घ्यायचं, हे गोड दिसण्याचं काम.

आणि माणसाचं बाळ? २०१८ साली कॅनडामध्ये काही बाळांचे, प्रत्येकाचे जन्मल्यानंतरचे, तीन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे फोटो लोकांसमोर ठेवले. सर्वांत गोड ठरले सहा महिन्यांचे. नवजात बाळं तळाला. सुजलेल्या पापण्या, जन्मताना दाबलं गेलेलं डोकं, सुरकुतलेली कातडी, मिटलेले डोळे: लोरेन्झच्या यादीतलं निम्मं अजून यायचंच असतं. माणसाचं मूल फार अपुरं असताना जगात येतं, जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नसतं. सहा आठवड्यांचं मांजराचं पिल्लू पळतं, उड्या मारतं, तुझ्या डोळ्यांत डोळे घालून बघतं. तुझ्या पाच आठवड्यांच्या मुलाला मानही धरता येत नाही. तू बहरात आलेल्या पिल्लाशी कळीत असलेल्या बाळाची बरोबरी केलीस. बाळ तुला अजून गोंडस दिसत नाही, तर तुझी नजर अगदी ठीक आहे. तुझ्या आजूबाजूच्यांनाही तो तसा दिसत नसेल. फक्त ते म्हणणार नाहीत.

पण मग इतकं असहाय असताना ते गोड का दिसत नाही, सर्वांत जास्त गरज तर तेव्हाच असते ना? यावर मला जे पटतं ते असं: त्या दिवसांत बाळाला धरून ठेवणारे दुसरे धागे असतात. रडणं हा एक, ज्याला तू धावतेस. वास हा दुसरा. २०१३ च्या एका अभ्यासात दोन दिवसांच्या बाळांच्या अंगातल्या कपड्यांचा वास स्त्रियांना दिला, तेव्हा मेंदूतले सुखाशी संबंधित भाग जागे झाले, आई झालेल्या स्त्रियांच्या मेंदूत जास्त. तू त्याची टाळू हुंगतेस का? पत्रात लिहिलं नाहीस, पण बहुतेक आया नकळत हुंगतात. आणि तिसरा धागा सहवासाचा. तोच मला तुला उलगडून सांगायचाय.

जे. एस. रोझेनब्लाट यांनी १९६७ साली उंदरांवर एक साधा प्रयोग केला. कधीही न व्यालेल्या उंदरिणींच्या पिंजऱ्यात नवजात पिल्लं ठेवली. सुरुवातीला त्या पिल्लांपासून लांब राहायच्या, टाळायच्या. पण पिल्लं सतत जवळ राहिली, तर आठवडाभरात त्याच उंदरिणी पिल्लं उचलून घरट्यात आणू लागल्या, चाटू लागल्या, अंगाखाली घेऊन बसू लागल्या. गर्भारपण नाही, बाळंतपण नाही. एवढंच नव्हे, नरांमध्येही हे घडलं. माया आधी आणि सांभाळणं नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. तिथे तो उलटा होता.

माणसांतही त्याचा माग लागतो. रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ मध्ये पहिल्यांदा पालक झालेल्यांचे मेंदू पाहिले. मुख्यतः स्वतः बाळ सांभाळणाऱ्या बापांच्या मेंदूत, आयांमध्ये दिसते तशी भावनिक सावधपणाची हालचाल दिसली, आणि बाप जितका जास्त वेळ बाळासोबत घालवेल तितके मेंदूतले संबंधित भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले. दुपटी बदलता बदलता, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालता घालता माणूस आई किंवा बाप होतो. गर्भारपणाने तुझ्याही मेंदूत बदल केले आहेत आणि ते निदान दोन वर्षं टिकतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. तुला काही जाणवत नाही याचा अर्थ आत काही चाललेलं नाही असा नाही.

तुला एकटीलाच असं होतंय असं वाटत असेल, म्हणून एक जुना आकडा देते. १९८० साली ब्रिटनमध्ये रॉबसन आणि कुमार यांनी पहिलटकरणींना विचारलं, की बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं, की फारसं काहीच वाटलं नाही. त्यातल्या बहुतेकींना पुढच्या काही दिवसांत ओढ वाटू लागली, आणि काही जणींना आठवडे किंवा महिने लागतात, हे बाळंतिणींसोबत काम करणाऱ्या कुणालाही विचार. पहिल्या नजरेत आभाळ कोसळलं पाहिजे, हे आपण गोष्टींतून घेतलेलं आहे. बाईच्या जगण्यात तसं दर वेळी होत नाही, आणि झालं नाही तर ती चार लोकांत बोलत नाही. म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपलंच काही चुकलं.

गोड वाटणं आणि माया यांच्यात किती अंतर असतं, ते स्लो लोरिस या आशियातल्या छोट्या प्राण्याकडे बघून कळतं. मोठाले डोळे, गोल चेहरा. कुणीतरी त्याला गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून बसलाय, असे व्हिडिओ लाखो लोकांनी डोळे भरून पाहिले. प्रत्यक्षात तो हात वर करतो ते भेदरून, स्वतःला वाचवण्यासाठी: त्याच्या कोपराजवळ ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. पाळण्यासाठी पकडलेल्या लोरिसांचे दात अनेकदा तोडून टाकतात. पाहणारे सगळे विरघळले होते. त्यातल्या फार थोड्यांना तो जीव कशात आहे हे दिसलं. तुझं मात्र उलट चाललंय. तू विरघळत नाहीस, पण बाळाला कधी काय हवंय ते ओळखतेस, रात्री तीनदा उठतेस, रडणं ऐकून हातातलं टाकून जातेस. या दोन्हींपैकी एक निवडायचं असेल, तर कुठलंही बाळ तुझ्याकडे येईल.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगते, आणि ती टाळू नकोस. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, मन हलकं-जड होणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप निवळतं. तू पाच आठवड्यांवर आहेस. त्यामुळे फक्त 'गोंडस वाटत नाही' एवढंच असेल तर वाट पाहा. पण बहुतेक दिवस उदास, रितं वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलेला असताना आणि वेळ असतानाही झोप येत नसेल, सतत धास्ती वाटत असेल, आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल असं मनात येत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते दहांतल्या एकीला तरी होतं, त्यात आईचा दोष नसतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधं असतात. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि 'नैराश्याची तपासणी करा' असं सरळ म्हण. दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, एडिनबर्गमध्ये १९८७ साली याचसाठी तयार झालेली. भरायला पाच मिनिटं लागतात. तू लिहिलंस की व्हिडिओ पाहून डोळे भरून येतात, म्हणजे मनाचा ओलावा शाबूत आहे, ही मला चांगली खूण वाटते. पण पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून ही तपासणी तू करून घ्यावीस असंच मी म्हणेन. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घरच्यांना सांग आणि डॉक्टरांकडे जा. असे विचार येणाऱ्या बायकांना डॉक्टर रोज भेटतात. ते तुला वाईट आई म्हणणार नाहीत.

राहिला व्हिडिओंचा प्रश्न. तुझ्या नवऱ्याची कळकळ मला दिसते, पण त्याचं निदान बरोबर नाही. मांजराची पिल्लं तुझ्या बाळाच्या वाटणीची माया खात नाहीत. माया मोजून भरलेली नसते. उलट, हिरोशिमा विद्यापीठात हिरोशी निट्टोनो यांनी २०१२ साली विद्यार्थ्यांना कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांचे फोटो दाखवले आणि मग चिमट्याने बारीक वस्तू कडेला न लागता उचलायला सांगितल्या. पिल्लांचे फोटो पाहिलेल्यांचे हात, मोठ्या प्राण्यांचे फोटो पाहिलेल्यांपेक्षा जास्त जपून चालले. तेव्हा पाहा खुशाल. दिवसभरात दहा मिनिटं तुझ्या आवडीची असतील, तर ती तुझ्याकडून कुणी घेऊ नये.

फक्त दोन गोष्टी कर. रात्री पाजताना खुर्चीत किंवा सोफ्यावर डुलकी लागेल असं वाटलं तर बाळाला आधी त्याच्या जागी ठेव. त्याला घेऊन सोफ्यावर झोप लागणं खरोखर धोक्याचं असतं. आणि दिवसातलं एखादं पाजणं फोनशिवाय कर. या वयाच्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत नीट दिसतं, पाजताना तुझा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. तो डोळे उघडतो तेव्हा बघण्यासारखं त्याच्या जगात दुसरं फारसं काही नसतं. तू त्याच्याशी बोल, जे सुचेल ते. विरघळण्याची वाट बघत बसू नकोस, स्वतःची परीक्षा घेऊ नकोस. माणसाकडे बघून हसणं बहुतेक बाळांमध्ये सहाव्या ते आठव्या आठवड्यात येतं, म्हणजे तुमच्याकडे ते आता कधीही येईल. तीन महिन्यांपर्यंत आलं नाही तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाल. आणि तो हसला आणि तरीही तुला काही वाटलं नाही, तरी घाबरू नकोस. मला पुन्हा लिही.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. त्याला सांग, की व्हिडिओ बंद करण्याऐवजी त्याने रात्रीची एक पाळी घ्यावी. पाजून झाल्यावर ढेकर काढणं, दुपटं बदलणं, पुन्हा झोपवणं हे सगळं त्याला जमेल, आणि वर लिहिलेल्या बापांसारखा त्यालाही त्याचा उपयोग होईल. तुला सलग चार तास झोप मिळाली पाहिजे. इतके दिवस तुकड्या-तुकड्यांत झोपणाऱ्या माणसाला कुठलीच भावना धड जाणवत नाही, आनंदाचीही नाही. आई किंवा सासूबाई जवळ असतील तर दुपारचे दोन तास बाळ त्यांच्याकडे दे आणि दार लावून झोप. घरातलं बाकी काम तसंच राहू दे.

तुझी,
ताई